वैद्यकाच्या इतिहासातील आर्ष आणि अनार्ष
(श्रीमठाच्या वर्धापनोत्सवातील ज्ञानसत्रात दिलेले व्याख्यान)

 

‘आपले प्राचीन वैद्यक’ या विषयावर चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली आहे. मी वैद्य नव्हे. संस्कृत पाठशाळेत अध्यापन करणारा, चाळिशीच्या अलीकडचा, या मठाचा एक शिष्य आहे. कोणते औषध गुणकारी आणि कोणते नाही हे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु पोथी कशी वाचावी, एखादे वचन कोणाचे हे कसे ठरवावे, मूळ पाठ कोणता आणि मागाहून घातलेला कोणता हे कसे ओळखावे, एवढे शिकविणे हा माझा नित्याचा व्यवसाय आहे. तेवढ्याच अधिकाराने आज बोलणार आहे.

आपल्या टीकाकारांचा एक सुंदर शब्द आहे. तो म्हणजे ‘अनार्ष’. चरकावर टीका लिहिणारे चक्रपाणिदत्त अकराव्या शतकातले, सुश्रुतावर टीका लिहिणारे डल्हण बाराव्या शतकातले. या दोघांपुढे नाना प्रांतांच्या पोथ्या होत्या आणि त्यांतील पाठ एकमेकांशी जुळत नव्हते. तेव्हा त्यांनी काय केले? जे सापडले ते सर्व ऋषींचे म्हणून माथी लावून घेतले काय? नाही. अमुक पाठ पूर्वीच्या टीकाकारांनी वाचलेला नाही, अमुक श्लोक अनार्ष आहे, म्हणजे ऋषिप्रणीत नव्हे, असे त्यांनी जागोजाग नोंदवून ठेवले. ज्या ग्रंथावर त्यांची पराकाष्ठेची श्रद्धा होती त्याच ग्रंथाविषयी ते असे लिहीत होते. त्यांच्या श्रद्धेला त्यामुळे तडा गेला नाही. सोनाराने सोने कसोटीवर घासले म्हणून सोन्याचा अपमान होत नाही.

हा शब्द मनात ठेवून एका प्रसिद्ध कथेकडे वळू.

सभांतून, स्मरणिकांतून, कीर्तनांतूनही आपण ऐकतो की देवीची लस हा काही जेन्नरचा शोध नव्हे. गायीच्या आचळावरील फोडातील द्रव घेऊन तो दंडावर टोचावा, हे धन्वंतरीने सहस्रावधी वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. ऐकून ऊर भरून येतो. गोमाता आहे, धन्वंतरी आहे आणि विलायतेवर मात आहे. परंतु पाठशाळेत एखादा विद्यार्थी श्लोक म्हणून दाखवितो तेव्हा आपण त्याला जो प्रश्न विचारतो तोच येथे विचारला पाहिजे. बाळ, हा कोणत्या ग्रंथातला? कोणत्या अध्यायातला?

चरकसंहितेत तो नाही. सुश्रुतसंहितेत नाही. वाग्भटात नाही. या ग्रंथांत ‘मसूरिका’ या नावाने पुटकुळ्यांचा रोग आला आहे, पण तोही थोडक्यात. माधवाच्या निदानग्रंथात त्याला स्वतंत्र प्रकरण मिळाले. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात शीतलादेवीचे नाव आणि तिचे स्तोत्र येते. गायीपासून घ्यावयाच्या लसीचा विधी यांपैकी कोठेही नाही.

मग तो आला कोठून? १२ जानेवारी १८१९ रोजी ‘मद्रास कुरिअर’ या इंग्रजी वर्तमानपत्रात एक पत्र प्रसिद्ध झाले. धन्वंतरीच्या नावावर असलेल्या ‘साक्तेय ग्रंथ’ नामक पुस्तकात गोस्तनापासून लस घेण्याचा विधी आहे, असे त्यात म्हटले होते. पत्राखाली नाव होते ‘कल्वी विरुंबन’. तमिळ जाणणारे सांगतील की याचा अर्थ ‘विद्येचा चाहता’ असा होतो. अर्थात् हे टोपणनाव. पोथी कोणाच्या घरची, तिचा लेखनकाळ कोणता, ती कोणी पाहिली, याचा पत्ता त्यात नव्हता. आणि त्या ग्रंथाची एकही पोथी आजतागायत कोणत्याही संग्रहात सापडलेली नाही.

काळ ध्यानात घ्या. जेन्नरचे पुस्तक प्रसिद्ध झाले १७९८ मध्ये. बगदाद, बसऱ्याच्या मार्गाने लस मुंबईस पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती प्रथम उठली. तेथून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पसरली. म्हणजे हे पत्र छापले गेले तेव्हा लस या देशात येऊन सोळा वर्षे उलटली होती. पत्रातला विधी जेन्नरच्या विधीसारखाच दिसतो, यात नवल नाही.

हे पत्र कोणाच्या कामाचे होते? लोकांनी लस घ्यावी म्हणून इंग्रज अंमलदार त्या काळी धडपडत होते. परक्याची वस्तू लोक घेत नाहीत. ती आपल्याच शास्त्रातली म्हणून सांगितली तर घेतील, असा त्यांचा हिशेब होता. मद्रासचे भाषापंडित अधिकारी फ्रान्सिस व्हाइट एलिस यांनी याच हेतूने देवी आणि धन्वंतरी यांना पात्रे करून तमिळ भाषेत एक रचना केली होती. १९८७ मध्ये डॉमिनिक वुजास्टिक या संस्कृतज्ञ संशोधकाने या सर्व प्रकरणाचा माग काढून प्रबंध लिहिला आणि त्याला ‘धर्मबुद्धीने केलेली लबाडी’ अशा अर्थाचे नाव दिले. हेतू वाईट नव्हता. मुले वाचावीत हाच होता. परंतु शिक्का खोटा होता.

पुढचा प्रवास त्याहून बोधप्रद आहे. मद्रासच्या वर्तमानपत्रातले ते पत्र युरोपात गेले आणि पॅरिसच्या एका मोठ्या वैद्यकीय कोशात त्याला जागा मिळाली. तेथून ते पुस्तकामागून पुस्तकात उतरत गेले. १९०५ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड अँप्टहिल यांनी एका वैद्यकीय संस्थेच्या उद्घाटनप्रसंगी, धन्वंतरीला लस ठाऊक असावी असे भाषणात सांगितले. झाले! आता आपल्या लोकांच्या हाती दाखला आला की प्रत्यक्ष गव्हर्नर म्हणतात, युरोपचे पंडित म्हणतात. आपल्याच देशात पाडलेले खोटे नाणे विलायत फिरून परत आले आणि खणखणीत म्हणून आपण ते पेटीत ठेवले. दहा ग्रंथांत एकच गोष्ट आढळली म्हणजे दहा साक्षी झाल्या असे नव्हे. दहांनीही एकाच पत्रावरून उतरून घेतले असेल तर साक्षी एकच, आणि तोही टोपणनावाचा.

यावर कोणी म्हणेल, मग या रोगाविषयी आपल्या पूर्वजांना काहीच ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते, आणि ते कागदावर आहे. बंगालमध्ये राहिलेल्या होलवेल नावाच्या इंग्रजाने १७६७ मध्ये लंडनच्या वैद्यसभेला उद्देशून एक पुस्तिका लिहिली. तीत बंगालचे ब्राह्मण टोचणारे कसे काम करीत याचे वर्णन आहे. रोगाचा ऋतू येण्याच्या आधी ते गावोगाव फिरत. मागील वर्षीच्या फोडातील द्रव कापसात जपून ठेवलेला असे. तो गंगाजलाने भिजवून दंडावर ओरखडा काढून लावीत. मग थंड पाण्याचे स्नान आणि पथ्य सांगत. हा द्रव गायीचा नव्हे, माणसाच्याच देवीचा. सौम्य रोग मुद्दाम आणून भयंकर रोग टाळण्याची ही युक्ती होती. तुर्कस्तानात आणि चीनमध्येही तिचे प्रकार चालत. तिच्यात धोका होता. टोचलेल्या मनुष्यापासून इतरांना खरी देवी लागू शकत असे, आणि म्हणूनच पुढे गायीच्या लसीने तिची जागा घेतली. परंतु जेन्नरच्या कितीतरी आधी या देशातील माणसे निरीक्षणाने एवढे शिकली होती, ही गोष्ट सत्य आहे.

आता पाहा. खोट्या ‘साक्तेय ग्रंथा’ची कथा सर्वांना पाठ आहे, खऱ्या टोचणाऱ्यांची गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक आहे. खोट्या स्तुतीने होणारी हानी ती हीच. ती खऱ्या मानकऱ्याला पंक्तीतून उठविते आणि त्याच्या पाटावर दुसऱ्यालाच बसविते.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्राकडचे आहे. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मासिकात एक सचित्र पत्र आले. कावसजी नावाचा मराठा शेतकरी इंग्रज फौजेत बैल हाकीत असे. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा राहिला. नंतर पुण्यानजीक एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी मेणाच्या मापाने कापून, खाली वळवून, तिचे नवे नाक बसविले. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज शस्त्रवैद्यांनी ही क्रिया डोळ्यांनी पाहिली. हे वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये पुस्तक लिहिले. युरोपात नाक बसविण्याची विद्या नव्याने सुरू झाली ती येथून.

या सत्य घटनेभोवतीही दंतकथांचे वारूळ वाढले आहे. कार्प्यू वीस वर्षे भारतात राहून ही विद्या शिकले, असे छापलेले आढळते. ते लंडनमध्ये शरीररचना शिकवीत होते. आपण भारतातून आलेल्या लोकांकडे कशी चौकशी केली हे त्यांच्याच पुस्तकात आहे. दुसरे असे सांगतात की पुण्याच्या त्या वैद्याने सुश्रुतातील विधी जसाच्या तसा केला. सुश्रुताचे सूत्रस्थान उघडा. सोळाव्या अध्यायात नाक सांधण्याचा विधी आहे, आणि तो अद्भुत आहे. नाकाएवढे पान घेऊन माप काढावे, त्या मापाने गालाचे मांस घ्यावे, श्वासासाठी दोन नळ्या बसवाव्यात, असा त्याचा आशय. तेथे गाल आहे. पुण्यास कपाळ होते. या दोहोंमधील शतकांत विद्या कोणाकडून कोणाकडे गेली हे दाखविणारा लेख नाही. आणि तो कारागीर कोणी शास्त्री नव्हता. पत्रात त्याची जात दिली आहे, विटा करणाऱ्यांची. त्याचे नाव मात्र दिलेले नाही.

भक्तजनहो, क्षणभर येथे थांबू. जन्मभर माती मळलेल्या हाताने एका दुर्दैवी माणसाला त्याचा चेहरा परत दिला. इंग्रजांनी रुग्णाचे नाव लिहिले, चित्र काढले, पण कर्त्याचे नाव विचारले नाही. आणि आपण काय केले? त्याच्या विद्येचे श्रेय ग्रंथाला देऊन त्याला दुसऱ्यांदा पुसून टाकले. सुश्रुताला या उसन्या श्रेयाची गरज नाही. त्याचे स्वतःचे वैभव अपार आहे.

वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या शेवटी या विषयावर फार निर्भीड विचार मांडला आहे. त्याचा आशय असा: वाताला तेल, पित्ताला तूप आणि कफाला मध हे हितकर, आता ही गोष्ट ब्रह्मदेवाने सांगितली काय किंवा त्याच्या पुत्राने सांगितली काय, सांगणाऱ्यावरून द्रव्याच्या गुणात काय फरक पडणार? ऋषींचे तेवढेच घ्यावयाचे तर तुम्ही भेलादिकांना सोडून चरक-सुश्रुतच का वाचता, असेही तो विचारतो. जे चांगले सांगितले आहे ते घ्यावे, हा त्याचा निर्णय. वाग्भटाच्या या न्यायाने वीटकऱ्याची विद्या तिच्या गुणानेच मोठी ठरते.

येथवर मी खोट्या स्तुतीविषयी बोललो. पण हाच काटा दुसऱ्या पारड्यालाही लागू आहे. १८७६ च्या सुमारास हास नावाच्या जर्मन पंडिताने प्रतिपादन केले की सुश्रुत फार अर्वाचीन आहे; त्याचे नाव ग्रीक वैद्याच्या नावाचा अपभ्रंश आहे, आणि ‘काशी’ म्हणजे ग्रीकांचे कॉस बेट! आपल्याला हसू येते. परंतु तेव्हा नुसते हसून किंवा रागावून भागण्यासारखे नव्हते. उत्तर दिले ते एका पोथीने. १८९० मध्ये मध्य आशियातील कुचा येथे बॉवर या लष्करी अधिकाऱ्याला भूर्जपत्रांवरील जुने संस्कृत ग्रंथ मिळाले. लेखन सुमारे पाचव्या-सहाव्या शतकातील. हर्न्ले यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यात लसणाच्या गुणांविषयी काशिराजाला प्रश्न विचारणारा सुश्रुत स्वतः उभा आहे. पुढे काठमांडूस सुश्रुतसंहितेची इ. स. ८७८ मधील, तिथीसह लिहिलेली ताडपत्री पोथीही उजेडात आली. हासचा सिद्धान्त संपला. ज्या परीक्षेने ‘साक्तेय ग्रंथ’ नाकारला, तिनेच सुश्रुताचे रक्षण केले. एका वेळी मोडलेला तराजू वापरून दुसऱ्या वेळी न्याय मागता येत नाही.

कोणी शंका घेईल की देवळात आणि मठात बसून अशी चिकित्सा करणे भक्तीला शोभते काय? मी विचारतो, मठाच्या जमिनीविषयी कोणी कागद पुढे केला तर आपण काय करतो? मुद्रा पाहतो, मिती पाहतो, हस्ताक्षर ताडून पाहतो, उतारा काढतो. चार गुंठ्यांसाठी जेवढी काळजी घेतो तेवढी धन्वंतरीच्या नावासाठी घेऊ नये काय? चरकाने तर शिष्याला स्पष्टच सांगितले आहे की जगात वैद्यांचे नाना ग्रंथ फिरत आहेत, तेव्हा आधी शास्त्राची परीक्षा कर, मग आचार्याची परीक्षा कर, आणि नंतर अध्ययनास बैस. त्याच चरकसंहितेचे चिकित्सास्थानातील सतरा अध्याय आणि अखेरची दोन स्थाने दृढबलाने पूर्ण केली, हेही ग्रंथातच नमूद आहे. कोणी लपविले नाही. पूर्वजांचा हा सरळपणा हाच मला त्यांचा सर्वांत मोठा वारसा वाटतो.

आणि यात केवळ पंडितांचा प्रश्न गुंतलेला नाही. आमच्याकडे सर्व काही आधीच होते, अशी ज्याची समजूत झाली तो नवे शिकण्याचे सोडतो. कधी कधी तर घरातल्या बालकाला लस टोचून घेण्यासही मागेपुढे पाहतो. १९७५ नंतर या देशात देवीचा रोगी आढळला नाही आणि १९८० मध्ये जगातून तो रोग गेल्याचे जाहीर झाले. हे ‘साक्तेय ग्रंथा’ने झाले नाही. उन्हापावसात गावोगाव, वाडीवाडीवर फिरून लस टोचणाऱ्या माणसांनी ते केले. शिवाय, ज्या मुलाला आपण खोटा श्लोक शिकवू, ते मूल उद्या शहरात जाऊन त्याचा खोटेपणा वाचील, आणि त्या दिवशी आपला खरा श्लोकही त्याच्या मनातून उतरेल. पाठशाळेतला अध्यापक म्हणून मला याचे भय अधिक वाटते.

आता आपल्या कर्तव्याविषयी बोलून संपवितो. साक्ष कशी असावी याचा नमुना आपल्याच भाषेच्या माणसांनी घालून दिला आहे. डच अंमलदार व्हान र्‍हीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा महाग्रंथ सिद्ध केला. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे त्याचे बारा खंड निघाले. त्याच्या पहिल्या खंडात कोचीनच्या तीन कोंकणी वैद्यांची साक्ष नागरी लिपीत छापली आहे. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट अशी त्यांची नावे आणि साल १६७५. मलयाळी वैद्य इट्टी अच्युतन यांचीही साक्ष तेथे आहे. आम्ही कोण, काय पाहिले, किती काळ काम केले, हे नावानिशी सांगितले आहे. एकीकडे टोपणनावाचा तो मद्रासचा विद्येचा चाहता, आणि दुसरीकडे सही करणारे हे तीन वैद्य! कोणाचे अनुकरण करावयाचे हे सांगावयास नको.

आपला जोयडा तालुका रानाचा. येथील कुणबी बंधू कंदांच्या कितीतरी जाती ओळखतात. कोणता कंद केव्हा खणावा, कसा शिजवावा, हे त्यांच्या म्हाताऱ्या माणसांना पाठ आहे. सिद्दी आणि गवळी बांधवांचीही झाडपाल्याची जाण आहे. यातील फार थोडे लिहिले गेले आहे. जुने सुपे गाव काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, हे आपण जाणताच. जे कागदावर नसते ते किती सहज पाण्याखाली जाते, हे आपल्याला कोणी शिकविण्याची गरज नाही.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली: ज्यांच्या माळ्यावर जुनी बाडे, वैद्यकाच्या वह्या असतील त्यांनी त्या कसरीच्या स्वाधीन करू नयेत, अखेरच्या पानावरील शक, लेखकाचे नाव आणि गाव यांसह त्यांची नक्कल करू द्यावी. दुसरी: रानच्या औषधांची माहिती लिहिताना सांगणाऱ्याचे नाव, त्याचे गाव, वनस्पतीचे स्थानिक नाव आणि वर्ष त्याच्या संमतीने लिहावे, गुण आला त्याची नोंद करावी, तशीच गुण आला नाही त्याचीही करावी. ती माहिती चरकाच्या किंवा सुश्रुताच्या नावावर चढवू नये. तिसरी: सभेत कोणी प्राचीन वचन सांगितले तर नम्रपणे ग्रंथ आणि अध्याय विचारावा. ज्याला ठाऊक असेल तो आनंदाने सांगेल.

पुण्याच्या त्या वीटकऱ्याचे नाव आता मिळणार नाही. परंतु आपल्या डोंगरात आज जे हात रोग्याची सेवा करीत आहेत त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. ती खरी खरी लिहून ठेवणे एवढे तरी आपल्याकडून घडावे, आणि ही लहानशी सेवा श्रीगुरूंनी मान्य करून घ्यावी, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.